सातवा महिना आणि स्टेअरिंगचा पंप

३ जानेवारी, शुक्रवार
अंबडहून येताना स्टेअरिंग जड झालं. वळवताना म्हैस रेकल्यावानी आवाज. घरी बॉनेट उघडलं आन् एका नजरेत ओळखलं, पॉवर स्टेअरिंगचा पंप गेला. वीस वर्षं ट्रॅक्टरची सगळी कामं स्वतः केलीत. कार म्हणजे लाडावलेला ट्रॅक्टरच.

अर्पिताला वाटूरहून पहिल्या बाळंतपणाला आणायचंय. बारा तारखेला सातवा संपतो, आठव्यात लेकीला हलवत न्हाईत. नऊ दिवस हातात. पंपाला अर्धा दिवस लागतो. टेन्शन बिलकुल न्हाई.

४ जानेवारी
हायवेवरच्या कल्याण मिस्त्रीला सहज विचारलं. तो म्हणे, काका, आधी बघू तर द्या. वरून म्हणे, तवर गाडी चालते, जोर लावावा लागंल फक्त, लेकीला आधी आणून घ्या. पोटुशी लेक जड स्टेअरिंगवर? ह्याला काळीज हाय का न्हाई? मीच बदलणार. जालन्याला फोन करून पंप मागवला.

६ जानेवारी
जुना पंप काढून राह्यलो. पंपाचा पट्टा जिच्यावर फिरतो ती पुली निघंना. मोबाईलवरच्या व्हिडिओत तो माणूस दहा मिनिटात काढतो. व्हिडिओ कापलेला असणार. शेवटी छिन्नी-हातोडा. पुली निघाली, अंगठा ठेचला. अर्पिताची आई म्हणली, कल्याणला बोलवा की. मी म्हणलं, तू डिंकाच्या लाडवाचं बघ.

७ जानेवारी
पंप आला. बसंना. दुकानदार म्हणे, तुम्हीच पेट्रोल गाडीचा मागवला. आपली डिझेल हाय, हे त्यानं इचारू नये? परत पाठवला.

९ जानेवारी, सकाळी ८
जावई मिथुनचा फोन. मामा, दोस्ताची गाडी हाय, मीच अर्पिताला सोडतो म्हणे. पोरगं गुणाचं हाय, पण पहिल्या खेपेला लेकीला न्यायला बापानं जायचं असतं. साफ नको म्हणलं. फोन ठेवल्यावर दोनदा परत उचलला. टाइम बघायला असंल.

१० जानेवारी
जुनीच पुली लावून दुसरा पंप बराबर बसला! ऑईल कोणतं टाकायचं ते पंपाच्या खोक्यावर लिहिलं होतं, पण ते आणायला परत जालना. घरात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं अर्धा ड्रम पडलंय. ऑईल ते ऑईल.

संध्याकाळी चालू केली. स्टेअरिंग ऑईलच्या टाकीतून दूध उतू गेल्यावानी फेस. स्टेअरिंग आधीपेक्षा जड. घाबरलो. कुणाला सांगितलं न्हाई.

११ जानेवारी
अर्पिताचा फोन. बॅग भरून ठेवली म्हणे. पप्पा, उद्या किती वाजता? मी म्हणलं, नऊ. का म्हणलं, देव जाणे.

१२ जानेवारी, रविवार
सकाळी गाडी काढून गेटपर्यंत गेलो. पट्टा तुटला. पंपाची पुली छिन्नीनं वाकली होती म्हणे, म्हणजे मीच म्हणतोय. मिथुनला फोन केला, दोस्ताची गाडी आज बाहेरगावी. भाड्याची जीप चार वाजता मिळाली. वाटूरला पोचेस्तोवर दिवे लागले. विहीणबाई मालनबाई हात जोडून म्हणल्या, दिवेलागणीला पोटुशी बाई उंबऱ्याबाहेर काढत न्हाईत, आन् उद्यापासून आठवा. नवव्यात डॉक्टर प्रवास करू देत न्हाई. म्हणजे बाळंतपण वाटूरलाच.

अर्पिता दारात बॅग घेऊन बसल्ती. सकाळी नऊपासून.

रिकाम्या जीपमधी परत आलो. ड्रायव्हर बोलून राह्यलता, मी हं हं करत होतो.

१३ जानेवारी
अर्पिताची आई लाडवाचा डबा घेऊन सकाळच्या एसटीनं वाटूरला गेली. माझ्यासाठी एकबी लाडू ठेवला न्हाई. मला वाटतं घाई होती.

१५ जानेवारी
कल्याणला मीच बोलावलं. त्यानं ट्रॅक्टरचं ऑईल धुऊन काढलं, नवी पुली, नवा पट्टा, बराबर ऑईल. पुढची चाकं उचलून स्टेअरिंग इकडून तिकडं फिरवलं, नळीत अडकलेली एअर निघाली. दोन तास. मंग जुना पंप हातात घेऊन म्हणे, काका, ह्याला काय झाल्तं? नळीची क्लिप ढिली होती, ऑईल गळून गेल्तं, बस. मी म्हणलं, मला पहिल्यापासून तीच शंका होती. त्यानं पंप माझ्या हातात दिला.

तेवढ्यात अर्पिताचा फोन. गाडी झाली का पप्पा? झाली म्हणलं. बरं झालं, म्हणली. मंग हळूच म्हणली, मला आपल्या घरी यायचं होतं.

स्टेअरिंग आता एका बोटानं फिरतं. अंगणात उभ्या गाडीत बसून दहादा फिरवून पाह्यलं. रडू आलं. जायचं कुठं?