मिठाने धुतलेल्या मण्यांचे पाणी

दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : टाकीतील विषारी पाणी नेण्यासाठी बंद टँकर व नवे रेझिन मिळणेबाबत, तसेच अर्जदाराने केलेल्या मारहाणीचा खुलासा.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, सर्व अनुत्तरित. २) आपली नोटीस, जिचे उत्तर मात्र तातडीने मागितले आहे.

महोदय,

१. अर्जदार हा बंद खाणीलगतच्या वसाहतीत जलशुद्धीकरण केंद्राचा चालक आहे. येथील विहिरीच्या पाण्यात युरेनियम आहे. केंद्राच्या फिल्टरमध्ये मोहरीएवढे, मधाच्या रंगाचे रेझिनचे मणी असतात. ते पाण्यातले युरेनियम धरून ठेवतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. तेव्हा धरलेले सगळे ते एकदम सोडतात, म्हणून ते धुवण वेगळ्या बंद टाकीत कोंडायचे असते. एवढे ध्यानात घेतल्यास पुढील मारामारी कशावरून झाली हे समजेल.

२. अर्जदार रजेवर असताना पाणी समितीचे अध्यक्ष, जे अर्जदाराचे सख्खे मेहुणे आहेत, यांनी मणी स्वतः धुतले. धुतले बरोबर. परंतु 'पाण्याचा थेंबही वाया जाऊ देऊ नये' हे आपले परिपत्रक केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेले आहे. त्याला मान देऊन त्यांनी ते धुवण पिण्याच्या टाकीत सोडले. पाणी किंचित खारट झाले. एरवी आमच्या पाण्याला चवच नाही म्हणून नाके मुरडणारी वसाहत त्यावर तुटून पडली. अर्जदाराच्या मुलीने दोन पेले पिऊन तिसरा मागितला. परत आल्यावर अर्जदाराने ते पाणी जिभेला लावले आणि खारट चवीवरून धुवण ओळखले.

३. नोटिशीतील मारहाणीबाबत. अर्जदाराने नळाला कुलूप घातले. वसाहतीतला शिंपी ते दगडाने फोडू लागला, म्हणून अर्जदाराने त्याच्या बोटांवर पाना हाणला. बोटे शिंप्याची आहेत हे मागाहून सुचले व वाईट वाटले. तेवढ्यात गवंड्याने मागून येऊन अर्जदाराचे डोके टाकीच्या चौथऱ्यावर आपटले. त्यात अर्जदाराचे दोन दात पडले, पैकी एक सापडला. अर्जदाराने गवंड्याचा कान चावला. हे सर्व कर्तव्य बजावताना घडले असून कान चावणे सेवानियमांत बसते किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

४. आपण म्हणाल, टाकी ओतून का दिली नाही? कोठे ओतावी? गटार विहिरीकडेच उतरते. पाणी पिऊ द्यायचे नाही, ओतायचे नाही, आणि टँकर काही येत नाही, म्हणून अर्जदार टाकीपाशी ठाण मांडून बसला आहे. आपल्या कनिष्ठ अभियंत्यांनी फोनवर "लोकांना समजावून सांगा" असे कळवले. अर्जदाराने समजावून सांगितले. त्यावर लोक म्हणाले, "आम्हाला शहाणपण शिकवतोस आणि चांगलं पाणी घरी भरून नेतोस काय, चोरा!" त्यांनी अर्जदाराच्या घराचे दार फोडून भांडे न् भांडे उपडे केले. पाणी सापडले नाही, तेव्हा ते अधिकच चवताळले.

५. काल मेहुणे पहार घेऊन आले. "दाजी, बाजूला व्हा. लोक माझ्या तोंडात शेण घालतायत," म्हणाले. अर्जदार बाजूला झाला नाही. नळाच्या कुलपावर पडायचा घाव अर्जदाराच्या उजव्या हातावर पडला व हाड मोडले. तो चुकून पडला असे धरू. दुसरा पायावर पडला, तो चुकून नव्हता. सबब हा अर्ज अर्जदार सांगत आहे व त्याची पत्नी लिहीत आहे. मेहुणे तिचे धाकटे भाऊ होत.

६. मुलीचे पाय सुजले आहेत. डॉक्टर मूत्रपिंडाचे नाव घेतात. अर्जदाराला भीती वाटते, दुसरा शब्द नाही. इतरांच्या मुलांचे पाय असे सुजू नयेत, ज्यांनी अर्जदाराचे दात पाडले त्यांच्याही मुलांचे नाहीत. तरी बंद टँकर, नवे रेझिन व टाकीवर कार्यालयाचे सील मिळावे, ही विनंती. मारहाणीची जी शिक्षा होईल ती अर्जदार टँकर आल्यानंतर आनंदाने भोगील.

आपला नम्र,
(डाव्या हाताचा अंगठा)
केंद्रचालक

सोबत : टाकीतील पाण्याची सीलबंद बाटली. मागील अर्जासोबतची बाटली आपल्या कार्यालयात कोणीतरी पिऊन टाकल्याचे शिपायाकडून समजले. कृपया पिऊ नये.

ता. क. : साहेब, हे मी माझ्या मनाने लिहिते. ह्यांनी अंगठा उठवला आणि तेवढ्यात भाऊ पुन्हा पहार घेऊन आला, मागे सगळी वसाहत. "ताई, तू तरी ऐक," म्हणाला. ह्यांना उठता येत नव्हतं. पाना मी उचलला. लहानपणी त्याला मीच कडेवर घेऊन फिरायचे. आता तो टाकीच्या चौथऱ्यापाशी पडला आहे. डोळे उघडे आहेत, पण हाक मारली तर ओ देत नाही. लोक मागे सरले आहेत, गेलेले नाहीत. पाना माझ्याच हातात आहे. टाकी भरलेली आहे. टँकर पाठवा.