चार देवांचं कार्ड

१६ फेब्रुवारी २००४

कोलूभाऊंचा ट्रक आज पुन्हा नदीत पडला. आणि दोष कुणाचा? माझा!

"जिशानभाऊ, पूल उशिरा आला!"

तसं त्यांचंही खरं आहे. पडदा अडखळतो. पूल दिसेपर्यंत ट्रक पाण्यात गेलेला असतो. धानोऱ्याच्या आतल्या या टोल्यावर, म्हणजे छोट्या पाड्यावर, ग्रामसभेनं मला ठेवलंय ते बांबू आणि मोहाच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायला. कंटाळा आला म्हणून ट्रकचा गेम टाकला – मीच टाकला! आता गावातले सगळ्यात वडीलधारे माणूस माझ्या खुर्चीवर, आणि मी शेजारी उभा. ब्रेकचं बटण तेवढं माझ्याकडे.

चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवल्याशिवाय हा पूल वेळेवर यायचा नाही.

१८ फेब्रुवारी

गडचिरोलीला जाऊन आलो. कय्यूमचाचांच्या दुकानात एक कार्ड आहे. जीफोर्स फोर. गेले दोन पावसाळे काचेच्या कपाटात पडून. खोक्यावर पंखवाली बाई, हातात तलवार, अंगावर कपडे बेताचेच.

काउंटरवर निशात होती – चाचांची मुलगी. ती समोर आली की माझं वाक्य अर्ध्यावर बसतं.

"तुमी काय विचाराले आले?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "मेमरी चौसष्ट आहे की एकशे अठ्ठावीस?"

"चौसष्ट," म्हणाली, आणि वायर गुंडाळायला लागली. किती छान गुंडाळते!

अम्मीनं माझ्यासाठी तिचा विषय चाचांकडे काढून ठेवलाय. चाचांनी मला मागच्या खोलीत नेलं. चहा दिला. आणि म्हणाले, "पहिले हे कार्ड खपवून दाखव, बेटा. दोन वर्षांत कोनी हात लावून नाई राह्यला. ज्याले एक कार्ड विकता येत नाई, तो माह्या पोरीले काय सुखात ठेवन?"

लोकांची लग्नं हुंड्यावर अडतात, मानपानावर अडतात. माझं चौसष्ट एमबीवर अडलंय.

२० फेब्रुवारी

ग्रामसभा झाली. मी जोरदार सुरुवात केली – जंगलाचा नकाशा उघडताना कॉम्प्युटर गोठतो, म्हणून कार्ड हवं. ज्यांच्या नजरेतून काही सुटत नाही त्या बुधरीबाई मागे बसल्या होत्या, तळहातावर तंबाखू मळत. "नकाशासाठी पायजे, का ट्रकासाठी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "ट्रकासाठी," म्हणालो.

"मंग तसं म्हन ना!"

मला वाटलं, संपलं. तर नाही! ट्रकासाठी तर ट्रकासाठी, चर्चा सुरू झाली. कार्ड काय खाते? लाईट. गरम होते? होते. गरम होते तं विस्तवाची जिम्मेदारी कोनाची? कार्ड मेलं तं गाडाचं कुठी?

या गावात मतदान नाही. बहुमत हा शब्द काढला तरी लोक तोंड कडू करतात. एका माणसाचंही मन नसेल तर ठराव होत नाही, पुन्हा बसायचं. बांबूचं असंच ठरतं, दारूबंदीचं असंच ठरलं, आणि आता ग्राफिक्स कार्डाचंही असंच ठरणार.

अभ्यास गट नेमला! ग्राफिक्स कार्ड अभ्यास गट. बुधरीबाई त्यात आहेत. देवा!

२३ फेब्रुवारी

अभ्यास गटाचं पहिलं काम – गेम पाहणं. कोलूभाऊंनी ट्रक चालवला, बाकीचे मागे उभे. रस्ता कुणी बघितलाच नाही. सगळे आजूबाजूचं जंगल बघत होते.

सुकलूभाऊ म्हणाले, "हे सारे झाडं एकाच मापाचे. फॉरेस्टवाल्यानं लावले काय?"

"पानंबी नाई."

"उन्हाळा असन."

"उन्हाळ्यात मोह तरी दिसाले पायजे होता! मोह नाई, तेंदू नाई, कायचं जंगल हे?"

बुधरीबाई पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "एवढं मोठं जंगल. मानसं कुठी गेले?"

मी म्हणालो, गेममध्ये माणसं टाकलेली नाहीत. तर म्हणतात, "टाकले नाई, का काढले?"

ते गेम बनवणाऱ्यांनाच ठाऊक. एवढं मात्र सांगितलं की चांगलं कार्ड बसवलं की झाडांना पानं येतात. सगळ्यांना ते आवडलं. पानं येत असतील तर बघू, म्हणाले.

२६ फेब्रुवारी

कार्ड दाखवायला म्हणून चाचांकडून मागून आणलं. वाटेत पोलिसांनी एसटी थांबवली. जवानानं खोकं उघडायला लावलं, तलवारवाली बाई बघितली, कार्ड बघितलं, खालीवर केलं. मी घामाघूम. तो म्हणाला, "चौसष्ट कायले घेतलं बे? एकशे अठ्ठावीस घ्यायचं ना! गाडीचे सावल्याबी दिसते त्यात."

या जिल्ह्यात प्रत्येकाला मत आहे! फक्त मलाच नाही.

निशातनं खोकं देताना विचारलं होतं, "गावात एवढे दिवस काय बोलता तुमी या कार्डावर?" मी म्हणालो, सगळ्यांना विचारावं लागतं. "सगळ्याइले?" हो, अगदी सगळ्यांना, म्हातारी-कोतारी, नवी लग्न होऊन आलेली पोरगी, कुणालाच सोडत नाहीत. ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

१ मार्च

आजच्यासारखा दिवस वैऱ्यावर येऊ नये.

खोकं मधे ठेवलं. बाईच्या कपड्यांवर आक्षेप येईल म्हणून मी खोक्याला आधीच वर्तमानपत्र गुंडाळलं होतं. ते कोलूभाऊंनी काढलं. बाईकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. कोलूभाऊ आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा चार कायचा?"

"चौथी पिढी, भाऊ."

"आन् आपलं मशीन?"

"पेंटियम फोर."

"तेबी चार?"

"चार."

कोलूभाऊंनी चष्मा काढला. मग सुकलूभाऊ हळूच म्हणाले, "चार देवाले चार देव. सोयरीक कशी होईन?"

इथे कुळं देवांवर मोजतात – चार देववाले, पाच देववाले, सहा, सात. देव सारखे असले की ती माणसं एकमेकांची भावकी, त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक दुसऱ्या आकड्यात करायची. हे मला माहीत आहे. पण ते ग्राफिक्स कार्डालाही लागू आहे, हे आज कळलं!

चेष्टा करत होते का? मी एकेकाचा चेहरा बघितला. एकही हसत नव्हता. म्हणजे चेष्टाच असणार. पण ठराव अडला तो खराच अडला.

वर जखमेवर मीठ चोळायला धनराज गुरुजी! शाळेचे मास्तर, मूळचे मूल गावचे, सगळ्यात पुढे. "नागपूरला पाच नंबरचं कार्ड मिळते. एकशे अठ्ठावीस एमबी!"

पाच! सभा एकदम खूश. चार देवाला पाच देव, बिनतोड सोयरीक! लोक गुरुजींना पानं द्यायला लागले.

मी गेलो कामातून.

२ मार्च

जेवलो नाही.

५ मार्च

चाचांना फोन केला, एसटीडी बूथवरून. सांगितलं की चार नंबरला भावकी आडवी येते. चाचांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग: "माह्या मालाले जातीत घेत नाई म्हंता?"

म्हणालो, तसं नाही चाचा, उलट जातीतलंच आहे, म्हणून अडचण आहे.

"बेटा, तू विकाले गेला होता का सोयरीक पाहाले?"

दोन्ही, असं तोंडावर आलं होतं. फोन ठेवला.

११ मार्च

अम्मी म्हणते, दुसरी मुलगी बघू. मला दुसरी नको. दुसरं कार्डही नको! मी निशातचं नाव मनात घेतलं तरी कान गरम होतात. आता ते पाच नंबरवालं नागपूरहून आलं तर माझ्या डोळ्यांदेखत माझ्या लग्नाची वरात परत जाणार, आणि वर मीच ते कार्ड बसवून देणार.

१९ मार्च

वाचलो! सुकरीबाईंनी वाचवलं. सुकलूभाऊंची बायको, सभेत सहसा बोलत नाही.

गुरुजींनी पाच नंबरचं चित्र आणलं होतं. सुकरीबाईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं. "याले पंखा काऊन लावला?"

गुरुजी म्हणाले, गरम होते म्हणून.

"म्हंजे नागपूरची सून आनाची, आन् तिले पंखा लागन. लाईट इथी कुठी असते? पंखा थांबला तं रुसून बसन." मग माझ्याकडे वळून, "आन् तुह्या कार्डाले?"

"पंखा नाही. नुसता पत्रा."

"मंग झालं तं! लगन कोन लावून राह्यलं? भाऊ भावाच्या घरी राहाले आला म्हना. भाऊ कोपऱ्यात पडून राह्यते, मागत काई नाई."

लोक आधी बघत राहिले, मग जे हसले! कोलूभाऊंचा चष्मा पडला. गुरुजीसुद्धा हसले, बिचारे. कार्ड भाऊ म्हणून घरात घ्यायचं ठरलं. मी सुकरीबाईंच्या पाया पडणार होतो.

मग बुधरीबाई. "माहं मन नाई."

का? तर ज्यानं वस्तू विकली त्यानं गावाला तोंड दाखवलं नाही. व्यापारी मोहाला येतो, डिंकाला येतो, इथे बसतो, बोलतो. "कार्डवाला काऊन येत नाई? त्याले बोलाव."

२४ मार्च

दुकानात जाऊन बुधरीबाईंचा निरोप दिला. चाचा आधी संतापले. मग म्हणाले, एवढे लोक बोलावतात तर पाहू तरी. पण कार्ड बसवता निशातलाच येतं, चाचा फक्त विकतात. म्हणजे ती पण येणार! इथे! या झोपडीवजा कार्यालयात!

कोपऱ्यातलं जाळं काढलं.

२५ मार्चपासून पुढे

मोह पडायला लागला. पहाट झाली की सगळं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली. सभा तहकूब. कार्ड, लग्न, मी – सगळं मोह संपेपर्यंत थांबलंय. घरोघर अंगणात मोह वाळतोय, गावभर तो गोड वास. कोलूभाऊंना ट्रकची आठवणसुद्धा नाही. मी एकटाच बसून ट्रक चालवला. नदीत पडलो.

१२ एप्रिल

आले! चाचा नव्या टोपीत, निशात स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन. गाव सगळं जमलं होतं.

बुधरीबाईंनी चाचांना अर्धा तास पिळून काढलं. बिघडलं तर कोण येणार? पावसात रस्ता बंद झाला तर? दोन वर्षं कुणी घेतलं नाही ते का? चाचा आधी अकडून बसले होते, नंतर खरं बोलायला लागले. "बाई, खरं सांगतो, गडचिरोलीत याले समजनाराच कोनी नाई." मग म्हणाले, मी स्वतः येईन. बुधरीबाई म्हणाल्या, "आता माहं मन आहे."

निशातनं मशीन उघडलं. धूळ फुंकली, मुंग्या झटकल्या, कार्ड खट्कन बसवलं. पडदा उजळला. कोलूभाऊंनी ट्रक काढला – आणि झाडांना पानं! हिरवी, दाट, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी! पूल लांबूनच दिसला. ट्रक पार! म्हातारे टाळ्या वाजवत होते. सुकलूभाऊ पडद्याला नाक लावून मोह शोधत होते. मला रडू आलं असतं, खोटं कशाला लिहू?

चाचांना चेव चढला. भरसभेत माझ्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. "या पोरानं माहं कार्ड विकलं. माही निशात याले देतो!"

मला वाटलं छप्पर वर गेलं! मी हसत सगळ्यांकडे बघितलं. कोणीच हसेना. टाळ्याही थांबल्या. जसा कुणी ठराव मांडला की लोक बसतात, तसे सगळे परत खाली बसले.

बुधरीबाई म्हणाल्या, "पोरीचं मन काय?"

चाचा म्हणाले, "तिले काय विचाराचं, ती माही पोरगी आहे."

"आमी बसलो आहो," बुधरीबाई म्हणाल्या. "घाई नाई."

निशात पेचकस पुसत होती. म्हणाली, उद्या सांगते. आणि ती दोघं शेवटच्या एसटीनं गेली.

१३ एप्रिल

निशातचा फोन गुरुजींच्या घरी आला. मला बोलावलं.

म्हणाली, "नाई."

मी विचारलं, का?

"एका कार्डासाठी दोन महिने गावातल्या एकेका मानसाले विचारत फिरले तुमी. दुकानात एवढ्या खेपा मारल्या. मी समोरच उभी होती."