येतो म्हणा

सोमवार, १३ जुलै १९९८
नाशिकला सुखरूप पोचलो. खाट खिडकीशी, चहा गरम, बाहेर डेरेदार उंबर. देवळ्याहून वीस वर्षं कांद्याच्या बातम्या पाठवल्या. एवढी विश्रांती मिळायला पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगावी लागली, इतकंच. डॉक्टर तिला ‘फुगा’ म्हणतात. मी ‘धमनीविस्फार’ हा शब्द सुचवला. ते म्हणाले, फुटल्यावर दोन्ही सारखेच. साडेपाच सेंटिमीटर आहे. तेवढा भाग उघडून आत कापडी नळी शिवायची. नळी मुंबईहून येणार. सर्जनही मुंबईचे, दर गुरुवारी.
वही पोटावर ठेवून लिहितो आहे. दर ठोक्याला ती जराशी उचलते. अक्षर बिघडलं तर दोष माझा नव्हे.

मंगळवार, १४ जुलै
शेजारच्या खाटेवर हिरामण, पेठकडचा. कुऱ्हाड निसटून मांडीतली धमनी तुटली. ती शिवली, पण शिवणीपाशी फुगा धरला. म्हणजे आम्ही सगोत्र. माझी वही उडते, त्याच्या मांडीवरची चादर. त्याच्या तक्त्यावर नाडी १०८, माझ्या ७२. “तुमची बैलगाडी, गुरुजी, माझी यष्टी!” चष्मा पाहून त्याने मला परस्पर गुरुजी करून टाकलं आहे. त्याची बायको चिमणाबाई खाटेशी जमिनीवर बसून तोंडाला पदर लावून हसत होती.
नळीची चौकशी केली. आया नवसाबाई म्हणाली, “आलीच.” इथे हा भूतकाळ न आलेल्या वस्तूंसाठी राखून ठेवलेला दिसतो. चहा आलाच, डॉक्टर आलेच, नळी आलीच.

गुरुवार, १६ जुलै
आज माझा नंबर होता. सर्जन कालच आले. नळीचं पार्सल मात्र इगतपुरीच्या घाटात दरडीमागे अडकलं. माझा नंबर हिरामणला दिला, कारण त्याचा फुगा झिरपू लागला आहे आणि त्याला नळी नको, दुसऱ्या पायातली शीर काढून चालते. कारण रास्त होतं. तरी मी सिस्टरशी अर्धा तास भांडलो.
स्ट्रेचर आलं. हिरामण म्हणाला, “जातो, गुरुजी.” डोकं आधीच तापलेलं, त्यात दुसऱ्याचं बोलणं सुधारायची माझी जुनी खोड. जातो म्हणू नये, येतो म्हणावं, असं बजावलं. तो नुसता हसला. मी स्ट्रेचर अडवून धरलं आणि शाळेतल्यासारखं त्याच्याकडून म्हणवून घेतलं.
“येतो, गुरुजी. तुमच्याकडंच येतो, बास?”
दुपारी दोनला टेबलावरच गेला.
चिमणाबाई गाठोडं न्यायला आली. रडली नाही. मला म्हणाली, “तुमीच बोलायला लावलं. आता तुमीच वाट बघा.”

शनिवार, १८ जुलै
नळी ‘आलीच’.
शेजारच्या खाटेवर धुतलेली चादर ताणून घातली आहे. दुपारी, वॉर्डात भेटायला आलेल्यांची गर्दी असताना पाहिलं. मांडीच्या जागी चादर उडत होती. पंखा असेल म्हणालो. वर पाहिलं तर वीज गेलेली. नवसाबाईला दाखवलं. तिने चादर ओढून काढली आणि गादीकडे न बघता निघून गेली.

सोमवार, २० जुलै
मनगटाचे ठोके ७२. वहीचे मोजले — १०८. पुन्हा मोजले. १०८.
माणसाला हृदय एकच असतं, एवढं मलाही ठाऊक आहे. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मनगट धरलं, ७२ म्हणाले आणि झोपेची गोळी लिहून दिली. पोटावर हात ठेवून पाहा म्हटलं, तर घड्याळ बघत ‘आलोच’ म्हणून गेले. आले नाहीत. सकाळच्या सोनोग्राफीत फुगा सात सेंटिमीटर भरला.

बुधवार, २२ जुलै
शेजारी पुन्हा चादर घातली आहे. ती आता उडत नाही. सगळं इकडेच आलं आहे.
रिकाम्या खाटेला मोठ्याने सांगितलं — शब्द मागे घेतो. माझंच चुकलं. जा बाबा. जातो म्हण आणि जा. सगळा वॉर्ड हसला.
ठोका तसाच. यष्टी—

गुरुवार, २३ जुलै
नळी खरोखर आली. सर्जन तयार. आता फक्त तिथवर पोचायचं— फुटायच्या आत.
नवसाबाई स्ट्रेचर घेऊन उभी. “काका, येतो म्हणा की!”
म्हणवत नाही. जातो म्हणावं तर — आणि येतो म्हणावं तर कुणाकडे —
पाठीत कळ — चिरल्यासारखी —
वही हलायची थांबली. मनगट अजून —
या इस्पितळात शब्द पाळणारा एकच निघा—
कानाशी. स्पष्ट. ‘च’ न लावता —
आलो, गुरु