भाताखालची हातोडी

अम्मा, आज सुकाणू माझ्या हातात आलं.

आधी पोटभर हसून घे. शाळा सहावीत सोडली, मग गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, इथं अबू धाबीत येऊनसुद्धा दोन-तीन कामं सोडली. पायाला भिंगरी आहे ह्याच्या, असं तू म्हणायचीस ते काही खोटं नव्हतं. आता मुसाफ्फाच्या बंदरातून बेटांवर माणसं आणि सामान नेणाऱ्या बोटीवर खलाशी आहे. दोर फेकायचे, डेक धुवायचा, कॅप्टनचाचांना चहा द्यायचा. चाचा रत्नागिरीकडचे. एकदा म्हणाले, "जन्मभर दोरच ओढणार काय रे, कुरळ्या? बोट चालवायचा परवाना काढ." काढायला गेलो आणि नापास झालो. ह्या वेळी नापास झालो असतो तर कंपनी पुन्हा परीक्षेला बसवणार नव्हती, तशी तंबीच होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी मोहम्मद बिन झायद सिटीत चाचांच्या घरी जायचो आणि त्यांची धाकटी पोरगी माझी उजळणी घ्यायची. मी मराठीत उत्तर द्यायचो, ती इंग्लिशमध्ये ओरडायची, "नो, अंकल! पोर्ट इज लेफ्ट!" बोटीच्या डाव्या बाजूला पोर्ट म्हणतात, मी उलटंच सांगायचो. अंकल म्हणे! मला अजून धड दाढी नाही.

तिचा ओरडा खाताना तुझं स्वयंपाकघर आठवायचं. चूल धुमसतेय, तू टोपातला भात माझ्या ताटात वाढतेस आणि विचारतेस, "हातोडी सापडली का?" मी भात उकरतो. खाली उकडलेलं अंडं. ते सापडलं की गोष्ट सुरू. आपली, सिद्द्यांची. आफ्रिकेत माणसं पकडून विकायला गलबतात भरलेली. पुरुष खाली साखळीला, बायका वर मोकळ्या, कारण बायका काय करणार? "काय करणार!" म्हणताना तू पळी अशी उगारायचीस की मांजर दाराबाहेर. त्यातल्या एकीला, आपल्या पणजीच्या पणजीला, भात शिजवायला बसवलेलं. तिनं गलबतावरच्या सुताराची हातोडी उचलली, भाताच्या टोपात पुरली आणि खाली पाठवून दिली. मग काय! साखळ्या तुटल्या, फळ्या हादरल्या आणि नाखव्याची माणसं डोलकाठीवर चढून बसली, घाबरलेल्या मांजरांसारखी. गलबत आपलं झालं. पण चालवायला कुणाला येत होतं? सुकाणूवर नाखव्यालाच ठेवलं, घरी ने म्हणाले. तो हो हो म्हणत राहिला आणि आणलं कोकणात, जिथं गिऱ्हाईक वाट बघत होतं तिथंच. किनारा दिसला, तेव्हा हे डोंगर आपले नव्हेत हे पणजीनं ओळखलं. बंदराच्या अलीकडेच सगळ्यांनी पाण्यात उड्या टाकल्या, डोंगर चढले आणि कुणाच्या हाती लागले नाहीत.

मी टाळ्या वाजवायचो. तू लगेच कान धरायचीस. "टाळ्या कसल्या वाजवतोस? हातोडी मारता आली, सुकाणू धरता आलं नाही. म्हणून घर तिकडेच राहिलं. उद्या शाळेत जा." मी काही गेलो नाही.

आज परीक्षा घ्यायला आलेला साहेब इथलाच, पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे अरबी पायघोळ झग्यातला. पण तोंड बघशील तर थेट आपला मामू! तेच केस, तोच रंग, हसताना नाक तसंच फुगतं. तोही माझ्याकडे बघतच राहिला. "किधर का?" इंडिया म्हटलं. "सच बोल, हबीबी. शकल तो हमारा है." मग मी गोष्ट सांगितली, तुटक्या हिंदीत, हातोडीसकट. तो पोट धरून हसला. "अच्छा! हमारा आधा खानदान उधर भाग गया, और किसी ने बताया नहीं!" आणि एकदम गंभीर. "खलास. अब चला के दिखा."

आडवा वारा सुटला होता. जेटी जवळ येतेय आणि बोट बाजूला सरकतेय. चाचा चहाचा कप धरून मागे उभे, त्यांना बोलायची परवानगी नाही, नुसते खोकतायत. मी तळवे पँटला पुसले. मनात म्हटलं, अम्मा, ह्या खेपेला नाखवा मीच. बोटीचं नाक वाऱ्याकडे वळवलं, इंजिन हळू केलं आणि बोट अशी टेकली की चाचांच्या कपातला चहा हलला नाही. साहेब म्हणाला, "यल्ला, कॅप्टन, पास." चाचांनी मला टपली मारली आणि चष्मा पुसत बसले.

दुपारी मेसमध्ये भात मी शिजवला, मीच वाढला. "हातोडी सापडली का?" केरळवाले, बिहारवाले, सगळे खुळ्यासारखे भात उकरतायत. चाचा ओरडले, "अरे, माझ्या ताटात नाहीच!" होतं, कडेला होतं.

आता पलंगावर ताट घेऊन हे लिहितोय. अक्षर बघून तू कपाळावर हात मारशील, पण तू गेलीस तिथं टपाल जात नाही, म्हणून वाचलो. कागद उशीखालीच राहील. एक अंडं तुझ्या वाटणीचं जास्त उकडलं होतं, माझ्या भातात लपवलं होतं. लिहून होईपर्यंत ठेवायचं ठरवलं होतं. नाही राहवलं, अम्मा. मधेच खाल्लं.