पोवळं कशानं चिकटवायचं

डिंडोली, सुरत. रविवार, ७ डिसेंबर १९९७. दिवेलागण.

पिंकी, तुझ्या बापाची आजची फजिती आधी लिही.

अशोकच्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत एक जिवंत पोवळं आहे. ते दगडावरून सारखं घसरतं, आणि खाली पडून राहिलं की कोमेजतं. सकाळी तो बाथरूमच्या फटी बुजवायची नळी घेऊन आला. म्हणे, "माय, यावर वॉटरप्रूफ लिहिलंय." मला अक्षर येत नाही, म्हणून मी चित्र पाहिलं. काळे ठिपके आणि वर लाल फुली.

"हे काय रे?"

"बुरशी धरत नाही. औषध आहे त्यात."

"बुरशीला मारणारं औषध पोवळ्याला काय मालिश करणार?"

असा हा गडी. एवढा शिकलेला, पण लाल फुली दिसली नाही.

मग शोभेच्या माशांच्या दुकानातून दोन रंगांची पुट्टी आणली. ती पाण्यातच घट्ट होते, पोवळ्यांना तीच चालते म्हणे. हाताला पिशवी बांधून मीच मळली, कणकेसारखी, दोन्ही रंग एक होईपर्यंत, आणि तिनं पोवळं दगडावर चिकटवलं. पण रंग नीट एक झाले होते ना? दुपारभर पोवळं मूठ आवळून बसलं, आणि मला तीच शंका. औषधाची नळी नको म्हणून मीच तर अडून बसले होते, आता मेलं तर माझ्याच हातानं.

आत्ता पोवळ्यानं एकेक बोट उघडलं. हलतंय, पिंकी, सगळं हलतंय. अशोकनं स्वतःची खुर्ची उचलून माझ्यासाठी पेटीसमोर ठेवली. आज भाकरी मी तिथेच बसून खाणार.