जाळं आलं की पिक्चर बंद

८ जून, रविवार

फ्रिजवाला पिक्चर पुन्हा पाहिला. पुन्हा रडले. दोन बहिणी, धाकटीच्या लग्नाचा आहेर म्हणून घेतलेला फ्रिज, आणि डोंगर. रस्ता नाही म्हणून पाठीवर बांधून चढतायत. अख्ख्या पिक्चरमध्ये दुसरं काही होत नाही आणि मी श्वास धरून बसलेली! शेवटी पोचतात तर गावात वीजच नाही. मग नवरीचे कपडे घड्या करून फ्रिजमध्ये ठेवतात, दार लावतात. संपला. देवा, असं कुणाला सुचतं? कुठल्या देशाचा तेही धड माहीत नाही, हिंदी डबिंग भिकार. तरी पापलेट (माझे शेरे माशांत : पापलेट सगळ्यात वर, टाकाऊ ते मांजराला). पापलेटखाली काही देऊच शकत नाही.

आई दारातून, "फुकटचं रडतेस कशाला गो? घरात कांदे हायत की."

संध्याकाळी बेबीआत्या आली, स्थळ घेऊन. सातपाटीचा जयवंत. घरची बोट, स्वतः बोटीवर जातो. आईने कप आपटला. "बोटीवरच्याला देनार नाय. मी उभा जन्म बंदरावर वाट बघत काढला. हिला कंपनीतला बघा, शिफ्ट सुटली की घरी येनारा." बाबा कोपऱ्यात जाळं विणत होते, ते विणतच राहिले. गुडघे गेल्यापासून ते बोटीवर नाहीत, पण बोटीबद्दल वाईट बोललं की त्यांचे कान लाल होतात.

१५ जून, रविवार

बघायला आले. साडी, पोहे, सगळा तमाशा.

मी मुलांना एकच विचारते, आवडता पिक्चर कुठला? मागचा कंपनीवाला म्हणाला होता, "टाइम नाय मिळत." त्याला तिथंच मांजराला घातला. हा जयवंत (पुढे नुसता ज.) रापलेला, मान खाली, चमचा बशीत फिरवत बसलेला. म्हणाला, "एक हाय. दोन बयनी फ्रिज घेऊन डोंगर चढतात."

अख्ख्या तालुक्यात हा पिक्चर पाहिलेला दुसरा माणूस! शेवट कसा वाटला, विचारलं.

"लय भारी. फ्रिज त्या लाकडी पुलावरच ठेवतात नि जातात. मंग येनारेजानारे त्याच्यात पानी भरून ठेवतात. एकमेकांसाठी."

कुठला पूल? पूल अर्ध्यातच येतो, पुढे फ्रिज घेऊनच जातात त्या! म्हणजे आत्याने पढवून पाठवलाय, पोरगी हाच पिक्चर सारखी बघते म्हणून. आणि ह्याने नीट पाठही केला नाही. ज्याला शेवट माहीत नाही त्याने पिक्चरबद्दल तोंड उघडू नये. मी तर नावं वर सरकून पडदा काळा होईपर्यंत खुर्ची सोडत नाही.

आत्याला नाही सांगून टाक म्हटलं. आई खूश. पण ते पुलावरचं पाणी काही डोक्यातून जाईना.

१८ जून

सेकंड शिफ्ट. कंपनीच्या लॅबमध्ये सॅम्पल कमी, गप्पा जास्त. डब्याच्या सुट्टीत पूनमच्या मोबाईलवर लुंगीवाल्याची मारामारी पाहिली. एका नारळाने अख्खी गँग लोळवतो, आणि शेवटी तोच नारळ फोडून पडलेल्यांना पाणी पाजतो. हसा कितीही. थेटरात असते तर शिट्टी मारली असती. बोंबील. रोज दिला तरी चालेल.

पूनमला (पॅकिंगला आहे, सरावलीत राहते) ज.चा खोटेपणा सांगितला. ती म्हणते, "झूठ ही सही, पर तेरे वाले एंड से अच्छा है." मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

२२ जून, रविवार

आत्या तणतणत आली. "पढवला कोनी? मला त्या मेल्या फ्रिजचं काय म्हाईत?" तिथंच ज.ला फोन लावला आणि माझ्या हातात कोंबला.

म्हणाला, "खोटं नाय बोललो. बोटीवर तांडेलच्या मोबाईलवर बघतो सगळे. मनोरचा दुकानवाला कार्ड भरून देतो, त्याच्यात कायपन असतं. पन जाळं आलं की पिक्चर बंद. मंग मासळी निवडता निवडता पुढचं आमीच ठरवतो. लय भांडनं होतात. शेवटी तांडेल बोलतो तो शेवट, बोटीवर हुकूम त्याचाच."

"आणि नंतर खरा?"

"तवर कार्ड दुसऱ्या बोटीवर गेलेलं असतं."

"म्हणजे मला सांगितलात तो..."

"तो आमच्या बोटीचा."

भर समुद्रात, कोपरापर्यंत हात मासळीत, आणि ती सगळी माणसं भांडतायत कशावरून, तर त्या दोघी बहिणींचं काय करायचं! कुणाला वाटत होतं फ्रिज दरीत पडावा, कुणाला वाटत होतं हेलिकॉप्टर यावं. पाण्याचं ज.ला सुचलं. म्हणे पहिल्यांदा तांडेलने त्याचं ऐकलं. मी एवढे पिक्चर पाहिले, शेरे मारले, शेवटाला एक बोट कधी लावलं नाही. लावता येतं हेच माहीत नव्हतं.

खरा शेवट सांगू का विचारलं. "नको," म्हणाला, "आमचा मरंल."

आत्याला थांब म्हटलं. आत्या म्हणाली, नारळी पौर्णिमेच्या आत काय ते सांग. मग बोट गेली की ते लोक दुसरीकडे बघतील.

६ जुलै, रविवार

बोईसरला थेटरात. मी, ज., आणि मधे पूनम (आईची अट).

भुताचा. मिठागरातली झोपडी, एक रखवालदार. भूत दिसत नाही, फक्त सकाळी मिठावर ओली पावलं उमटलेली. रोज झोपडीच्या थोडी जवळ. बाई गं! पूनमने माझ्या दंडाला नखं रुतवली. साधं मीठ दाखवून एवढं घाबरवता येतं! इंटरव्हलपर्यंत शंभर नंबरी पापलेट.

इंटरव्हलनंतर ज. आत आलाच नाही. बाहेर जाऊन बघते तर पॉपकॉर्नवाल्याशेजारी उभा. "शेवट बघवत नाय. अर्ध्यावर ठेवला की कोन मरत नाय."

अशी चिडले! एवढा मोठा बाप्या, आणि पिक्चर सोडून पळतो? म्हटलं, उभे राहा इथंच. मी आत गेले, शेवट पाहिला. रबरी मुखवटा घातलेली कुणीतरी झोपडीच्या छपरावरून उडी मारते. इतकी चिडचिड झाली! पुढचा अर्धा मांजराला. मांजरसुद्धा हुंगायचं नाही.

रिक्षात त्याने विचारलं नाही. मीच विचारलं, तुमच्या बोटीवर काय केलं असतं? मग म्हणाला, "ती बाई मीठच न्यायला येत आसंल. मेली तवा चुलीवर कालवन तसंच रायलं आसंल, अळनी."

अंगावर सर्रकन काटा आला. अजून येतोय.

२० जुलै, रविवार

आज नवल झालं. आईने स्वतःहून फ्रिजवाला लावायला सांगितला. "बघू तरी, काय हाय त्याच्यात येवढं." सुकट निवडत बसली. सुरुवातीला बडबड, ह्या बाया डोक्यावर का घेत नाहीत, चुंबळ का करत नाहीत. मग बडबड थांबली. मग सुकट निवडायची थांबली. बहिणी पुलावर आल्या आणि लाईट गेली. आमच्याकडची लाईट, नेहमीसारखी.

अंधारात आई म्हणाली, "मंग? पोचला का फ्रिज?"

खरा शेवट ओठावर होता. काय झालं मला कुणास ठाऊक, पुलावरचा सांगितला. येणाऱ्याजाणाऱ्यांचं पाणी.

आईने अंधारातच विचारलं, "ह्यो शेवट कोनी काढला?"

"सातपाटीच्या त्याने."

मग, "पान्याचं बरं केलं." लाईट आल्यावर पुढचा लावू का विचारलं तर म्हणाली, "कशाला? कळला की." आणि उठता उठता, "तरी बोटीवरच्याला देनार नाय, आयकलंस?"

बाबा कोपऱ्यातून हसले. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

२ ऑगस्ट

कंपनीच्या बसमध्ये लिहितेय. ज. आवडलाय. बास, लिहून टाकलं. त्याच्याशी बोलताना वाटतं की मी पिक्चर नुसते गिळत होते, हा चावून खातो. फोनवर मला पिक्चर अर्धा सांगायला लावतो आणि पुढचा आपला सांगतो. काल दोन शेजारी आणि एक पाण्याची टाकी, तो मराठी विनोदी सांगितला. मूळचा ढोमा, ठीकठाक. त्याने असा काही फिरवला की मी हसता हसता रडले.

पण. मला शेवट माहीत असल्याशिवाय झोप लागत नाही. मालिका असेल तर आधी शेवटचा भाग बघते. बोट गेली की गेली, आठ दिवसांनी येते, दहाने येते, हवा फिरली तर कुठल्या बंदरात शिरते पत्ता नसतो. लहानपणी आई खिडकीतून हलायची नाही, भात करपायचा. ते घर मी पाहिलंय. मी तशी बाई होऊ शकते का? मला भीती वाटते. त्याची नाही. वाट बघण्याची.

पूनमला विचारलं. ती म्हणाली, "मेरा वाला तो रोज़ छह बजे आता है. आके मोबाइल देखता है."

नारळी पौर्णिमा

सातपाटीला गेलो. बोटींना पताका, नवे रंग, सोनेरी कागद गुंडाळलेले नारळ. बँड एवढा की बोललेलं ऐकू येईना. बरंच झालं. आत्या डोळ्यांनी विचारतेय, सांगितलंस का, सांगितलंस का.

नाही सांगितलं. त्याला कार्ड दिलं. एकच पिक्चर भरलाय, अंतराळातला. मी पाहिलेला नाही. म्हटलं, तुम्ही इंटरव्हलपर्यंत बघा, मी पण तिथवरच बघीन. पुढचा तुमच्या बोटीचा आणा, मी माझा आणते. मग खरा एकत्र बघू, शेवटापर्यंत. खुर्चीवरून उठायचं नाही.

"आनि उत्तर?" म्हणाला.

"बोट आली की."

कार्ड टोपीच्या आत ठेवलं त्याने. त्याचे आईवडील थांबायला कबूल झाले. आत्या कपाळाला हात लावून बसली.

१३ ऑगस्ट

इंटरव्हलपर्यंत पाहिला आणि बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा! बोट बटणावर होतं, अंगात नुसती आग आग होत होती, पण बंद केला.

काय पिक्चर आहे! एक बाई एकटीच यानात, परत यायला वर्षं लागणार. सोबत टेप, त्यात आईने घातलेल्या शिव्या. भांडी घासली नाहीस, दिवा मालवला नाहीस, तुझ्याशी लग्न कोण करणार अशाने. ती रोज एकच ऐकते, पुरवून पुरवून. बाहेर तो काळा काळोख, त्यात चांदण्या, आणि आत आई ओरडतेय, "टॉवेल ओला आहे!" मी तोंडात ओढणी कोंबून रडले. टेप खराब होत जाते आणि एकच शिवी उरते. ती ऐकली की संपलं. तिने बटणावर बोट ठेवलंय. इंटरव्हल.

शेरा देता येत नाही. अर्ध्या पिक्चरला मासा कसा देणार?

माझा शेवट : ती शिवी ऐकतच नाही, तशीच घेऊन घरी येते आणि आईच्या तोंडून ऐकते. दिवसभर कामात तोच घोळवत होते. सॅम्पलवर लेबल उलटं लावलं.

१७ ऑगस्ट, रविवार

सातपाटीच्या बंदरावर बसून लिहितेय. वारा आहे, पानं उडतायत.

बोट काल यायची होती. आली नाही. बरोबरच्या काही आल्या, काही नाही. हवा खराब झाली, कुठंतरी आडोशाला थांबल्या असतील म्हणतात. नक्की कुणीच बोलत नाही. काल भात माझ्याकडून करपला. आईने ताट सरकवलं, तो करपलेला भात बघितला. सकाळी उठून टोपली काढली. "चल. सातपाटीला मासळी घ्यायला जाऊ."

"लोक काय म्हणतील? लग्न ठरलं नाही आणि मुलगी बंदरावर."

"टोपली दिसत नाय काय तुला? मासळी घ्यायला आलो म्हनायचं."

बंदरावर परत पाऊल ठेवणार नाही म्हणणारी माझी आई. इथल्या बायकांमध्ये जाऊन अशी उभी राहिली, जशी कालच गेली होती इथून. कुठली बोट आली, कुठली नाही, सगळं विचारून आली. मासळीला हात लावला नाही. दोन लिलाव झाले तेही बघितले नाहीत.

मी कठड्याशी टाचा उंचावून बघत होते. म्हणाली, "बस खाली. उभं रायल्यानं बोट लवकर येत नाय. तुझा तो नवा पिक्चर सांग."

सांगितला. यान, काळोख, शिव्या. टॉवेलच्या शिवीला हसली, "बरोबर हाय तिचं." मग हसायची थांबली. इंटरव्हलपर्यंत आले, बटणावर बोट, आणि थांबले.

"मंग पुढं?"

"एवढाच पाहिलाय."

आईने टोपली उलटी घातली आणि तिच्यावर बसली. समुद्राकडे तोंड करून. म्हणाली, "आयकली आसंल तिनं. संपंल म्हनून घाबरून नाय चालत. आयकली आसंल, नि मंग आपल्याच तोंडानं म्हनत बसली आसंल, आईसारकी."

मी तिचा हात धरला. खाऱ्या मासळीचा वास, खरखरीत.

लांब चार-पाच ठिपके दिसतायत. निशाण अजून ओळखू येत नाही. आई डोळ्यांवर हात धरून मोजतेय. आमचे दोन शेवट तयार आहेत, माझा आणि तिचा. त्याच्या बोटीचा यायचाय.