मनीषा, तुझा प्रिंटर मी चालू केला

प्रिय मनीषा,

आधी बातमी ऐक. गजूची सोयरीक मोडली. मी मोडली! माझ्याच पोटच्या पोराची. काल पाहुणे उठून गेले आणि तेव्हापासून कोणाला तरी सांगावं म्हणून जीव उतावीळ झालाय. पण हे ऐकून खूश होईल असं तुझ्याशिवाय मला कोण आहे? म्हणून लिहायला बसले.

तू गेल्यावर गजू बरेच दिवस गप्प होता. मला वाटलं, मनाला लागलं असेल. कसलं काय! एके दिवशी त्यानं भिंतीवरचे तुझे फोटो उतरवले. मग वायफायचं नाव बदललं. तू 'मनीषा क्लास' ठेवलं होतंस, तिथं त्यानं आपल्या खताच्या दुकानाचं नाव घातलं. पासवर्डही नवा. माझ्या मोबाईलमध्ये तो स्वतःच्या हातानं टाकला, पण मला सांगितला नाही.

मग जाफराबादकडचं स्थळ आलं. बिजवराला लोक विचारतातच ना, पहिली कशानं गेली? मी दाराआड उभी होते. हा फोनवर म्हणतो, "ती डोक्यानं कमी होती हो. घराबाहेर पडायची न्हाई. कुठं दुखतंय ते बी सांगायची न्हाई. आम्हाला कळायच्या आत गेली."

तू सांगायची नाहीस? तू?

मी तेव्हा मंठ्याला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. तुझा फोन आला, "आत्या, पोटात लई दुखून राह्यलंय. यांना म्हणलं तर म्हणतात, खताची गाडी आलीय, उद्या पाहू." मी लगेच गजूला फोन लावला. "तिला आत्ताच्या आत्ता जालन्याला ने." "हो आई, नेतो." पुन्हा तुला विचारलं तर तू म्हणालीस, "आता बरंय."

का म्हणालीस गं तसं? शेजारणीला हाक का नाही मारलीस? आपल्या वाटूरच्या फाट्यावर जालन्याला जायला गाड्यांचा काय तोटा होता? गजूवर राग आहेच, पण हा एक राग तुझ्यावरही आहे आणि तो काही केल्या जात नाही. पहाटेच्या एसटीनं मी आले, तर दारात माणसं जमलेली. दवाखान्यात नेलं ते तू गेल्यावरच. पोटात आतडं फुटलं होतं म्हणे. आदल्या दिवशी आणलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले. गजूनंही ते ऐकलंय.

म्हणून दाराआडून त्याचं ते बोलणं ऐकलं आणि मी ठरवलं. पाहुणे घर पाहायला येतील तेव्हा तू भिंतीवर असशील. तीही कशी? अंगणात गल्लीतल्या पोरी घेऊन बसलीस, हातात गणिताचे कागद, आणि पोटभर हसतेस. तो फोटो माझ्या मोबाईलवर मीच काढला होता. डोक्यानं कमी असलेली बाई अशी दिसते का, ते बघू दे त्यांना!

फाट्यावरच्या स्टुडिओत काढून घेता आला असता. पण गजूचं तिथं रोजचं उठणं-बसणं. माझ्याआधी बातमी घरी पोचली असती. शिवाय मला तुझ्याच प्रिंटरवर काढायचा होता. शिकवणीच्या पैशातून तू तो आणलास तेव्हा गजू किती हसला होता, आठवतं? आणि माझ्या अंगणवाडीसाठी तू फळांची चित्रं काढून दिलीस. नेमका पिवळा रंग संपलेला. आंबा निघाला निळा! पोरं ओरडली, "बाई, आंबा सडलाय!" तुझं हसू थांबेना.

तर तोच प्रिंटर मी खाटेखालून काढला. पुसला, लावला. निळा दिवा नुसता लुकलुकतोय. मोबाईल म्हणतो, प्रिंटर सापडत नाही. बंद केला, चालू केला. वायर काढली, पुन्हा खोचली. दिवा आपला लुकलुकतोच आहे. शेवटी सहज विचारल्यासारखं गजूला म्हटलं, "वायफायचा पासवर्ड काय रे?"

"कशाला पाहिजे?"

"तिचा प्रिंटर लावून पाहते."

"ते डबडं मी भंगारात देऊन राह्यलो. तू नको नाद करू."

मग मी जालन्याच्या त्या दुकानदाराला फोन केला, जिथून तू तो घेतला होतास. बिचारा नीट बोलला. "काकू, वायफायचं नाव बदललं का? मंग प्रिंटर जुनंच नाव हुडकत बसला असंल. नवीन पासवर्ड टाका."

"पासवर्ड न्हाई माझ्याकडं."

"मंग राऊटरच्या मागं डब्ल्यूपीएस लिहिलेलं बटन हाय का बघा. आधी प्रिंटरचं वायफायचं बटन दाबून धरा, दिवा भराभरा लुकलुकला की जल्दी जाऊन राऊटरचं दाबा. पासवर्ड लागतच न्हाई."

लागतच नाही! मनीषा, मी एकटीच मोठ्यानं हसले.

काल गजू पाहुण्यांना घ्यायला फाट्यावर गेला आणि मी त्याच्या खोलीत शिरले. राऊटर कपाटावर. स्टूल घेतलं. पहिल्यांदा जमलं नाही. प्रिंटर बाहेरच्या खोलीत, मी आत, आणि हे गुडघे! स्टुलावर चढेपर्यंत वेळ निघून गेली. मग प्रिंटरच उचलून आणला आणि ठेवला त्याच्या पलंगावर, पाहुण्यांसाठी काढलेल्या पण न घातलेल्या इस्त्रीच्या शर्टावर. असू दे! हे बटन दाबलं, ते दाबलं. दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि ठाम लागला.

पहिला कागद निघाला तो सगळा पट्ट्यापट्ट्यांचा. शाई वाळली होती. तू करायचीस तशी मोबाईलवरून सफाई लावली, एकदा, दोनदा. मग तू आलीस. दात, टिकली, सगळं बराबर. ओली शाई हाताला लागू न देता तुला बैठकीच्या भिंतीवर चिकटवलं आणि चहा टाकला.

मुलगी, तिची आई, मामा, सगळ्यांना घेऊन गजू आत आला आणि त्याचं तोंड उतरलं. पण सगळ्यांदेखत भिंतीवर हात कसा टाकणार? मुलीची आई चहा पिता पिता फोटोकडंच बघत होती. शेवटी म्हणाली, "ह्या कोण?"

"माझी सून. मनीषा."

"पण त्यांना तर डोक्याचा त्रास होता म्हणे?"

"डोकं चांगलं होतं तिचं. गल्लीतल्या पोरींना गणित शिकवायची. पोटाच्या दुखण्यानं गेली. दवाखान्यात न्या, न्या म्हणत होती."

बाईनं कप खाली ठेवला. गजूकडं वळली. "नेलं होतं का तुम्ही?"

गजू म्हणाला, "आता तो विषय कशाला?"

बस. एवढंच म्हणाला, आणि तेवढं पुरलं. बाई उठली, भावाला म्हणाली, "चला." मुलगी तिच्या मागोमाग निघाली. दारात थांबून तिनं एकदा तुझ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

ते गेल्यावर गजूनं फोटो टराटरा फाडला. "तू माझी आई हाय का वैरीण?"

म्हटलं, "आज दोन्ही."

मला वाईट वाटलं का? नाही. गोड वाटलं, मनीषा. त्याचं ते पडलेलं तोंड मी डोळे भरून पाहिलं. मंठ्याहून लेकीचा फोन आला, "आई, दादानं काय जन्मभर एकटंच राहायचं का?" मी म्हणाले, "करू दे की लग्न. पण खरं सांगून." तिनं फोन ठेवून दिला. गजूही बोलत नाही. रात्री भाकरी झाकून ठेवली होती, सकाळी ताट रिकामं दिसलं. वैरिणीच्या हातचं चालतं त्याला!

पुन्हा पाहुणे येतील, मला ठाऊक आहे. तर तुला शब्द देते. या घरात जी कोणी येईल, ती तुझ्याविषयी खरं ऐकूनच उंबरा ओलांडेल. त्यानंतरही तिला राहायचं असेल तर खुशाल राहू दे. आणि एखाद्या दिवशी ती म्हणाली, आत्या, पोटात दुखतंय, तर मी पायात चपला घालीन आणि तिला घेऊन जालन्याची गाडी धरीन. गजूला विचारणार नाही.

तुझीच,
आत्या